निरोगी गाडीची पट्टी

गाडीचा मालक गाडीबद्दल जे सांगतो त्यातलं निम्मं धरावं आणि निम्मं सोडून द्यावं, हे मी गॅरेजात पहिल्याच वर्षी शिकलो. ऑइल वेळच्या वेळी बदलतो म्हणणाऱ्याचं ऑइल डांबर होऊन निघतं. गाडी कधी जास्त भरत नाही म्हणणाऱ्याचे स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले असतात. माझा त्यांच्यावर राग नाही. डॉक्टरपुढे तरी माणूस बिडीचं खरं कुठे सांगतो? पण त्यामुळेच मला पट्टी आवडायला लागली. मालकाला काय सांगायचं ते सांगू दे, पट्टी तिचं तिचं सांगायची.

पट्टी हा आमचा शब्द. इंजिन फिरतं तेव्हा आतले सेन्सर विजेचे बारीक ठोके गाडीच्या कॉम्प्युटरकडे पाठवत असतात. स्कोप नावाची एक डबी असते. तिच्या वायरी त्या सेन्सरला जोडल्या आणि दुसरं टोक लॅपटॉपला लावलं की ते ठोके पडद्यावर रेघ होऊन पळायला लागतात, दवाखान्यात छातीची पट्टी काढतात तसे. गेवराईत हायवेला लागून माझं गॅरेज आहे. तिथे लोक गाडी उभी करून सरळ म्हणतात, "हिची पट्टी काढा एकदा."

नुसती पट्टी काढून मात्र काही कळत नाही. ती कशाशी तरी ताडून पाहावी लागते. त्याच मॉडेलची, धडधाकट चालणारी गाडी घ्यायची, तिची पट्टी काढून ठेवायची आणि आजारी गाडीची पट्टी तिच्यावर ठेवून फरक बघायचा. ही धडधाकट गाड्यांची पट्टी कुणी विकत देत नाही. ती आपली आपण जमवायची असते. आम्ही दोघांनी ती सात वर्षं जमवली.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा दोस्त. बीडला एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो, एकाच ताटात जेवलो, एकाच दिवशी त्यांच्या पाया पडून बाहेर पडलो. उस्ताद कानाला पेचकस लावून इंजिन ऐकायचे. आमच्या दोघांच्याही कानात ती विद्या उतरली नाही, म्हणून गेवराईत दोघांनी गॅरेज टाकलं तेव्हा आम्ही मिळून स्कोप घेतला. लॅपटॉपवर पट्ट्यांचं दप्तर केलं आणि त्याला नाव दिलं 'निरोगी'. त्याचा एकच नियम होता. गाडी दोघांनी चालवून बघायची. एकाने गोदावरीच्या पुलापर्यंत न्यायची, तिथे चहा प्यायचा, येताना दुसऱ्याने आणायची. दोघांनीही गाडी ठीक आहे म्हटलं तरच तिची पट्टी 'निरोगी'त जाणार. एकाचं मन जरा खात असलं तरी पट्टी बाद.

त्यासाठी आम्ही लोकांचे फार हात जोडले. हायवेवर चहाला थांबलेल्या ड्रायव्हरला सांगायचं, दहा मिनिटं द्या, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही म्हणूनच पट्टी काढायची आहे. ते आमच्या तोंडाकडे बघत राहायचे. वाळूच्या टिप्परवाल्यांनी तर वायर बघितली की चहा अर्धा टाकून गाडी काढलीच. त्यांना वाटायचं, तहसीलवाल्यांनी नवं यंत्र आणलंय. दोस्त त्यांच्या मागे पळत जाऊन शपथा घ्यायचा आणि मी हसत उभा राहायचो. ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचाच मला राग येतो.

माझी धाकटी बहीण धारूरकडच्या एका गावात दिलेली आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती आणि दाजी ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी आमच्याकडे मोजणी असते. मग दाजींनी एक जुनी पिकअप घेतली आणि आठवडी बाजारांचा माल वाहायला लागले. धारूर, केज, वडवणी, ज्या दिवशी जिथला बाजार तिथे. पिकअप आल्यापासून तीन वर्षं बहिणीने कोयत्याला हात लावला नव्हता. तिने दारात तुळशीशेजारी दोन गुलाब लावले होते. पूर्वी दिवाळीनंतर घराला कुलूप लागायचं, झाडं जळून जायची. आता ती सहा महिने पाणी घालायला घरी होती. त्या घराचा पाया म्हणजे ती पिकअप आणि पिकअपचा डॉक्टर मी.

एकदा त्या गाडीचा क्लच खोलताना माझ्या हातातली टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, सटकली आणि क्रँकच्या दातेरी चाकावर बसली. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा शाफ्ट. त्याच्या चाकाला बारीक दात असतात आणि पट्टीत त्यांचे एकसारखे उंचवटे दिसतात. एका जागी दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, तिथे मोकळी जागा येते. माझ्या त्या माराने मोकळ्या जागेपासून अकराव्या दाताचं डोकं दबलं. गाडीच्या चालण्यात काही फरक नव्हता, फक्त पट्टीत अकरावा उंचवटा बुटका दिसायचा. मी दाजींना तो दाखवला आणि म्हणालो, "दाजी, ही तुमच्या गाडीची खूण. चोरीला गेली तर एवढ्यावर वळखीन."

दाजी म्हणाले, "गाडी मोडायची आन् वर खूण केली म्हनायचं. लई झ्याक हाय तुमचं, पाव्हणं."

पुढे त्या गाडीची टायमिंगची साखळी वाजायला लागली. खालचा क्रँक आणि वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, या दोन शाफ्टना ही साखळी एकमेकांशी बांधून ठेवते. ती बसवताना एक दात जरी इकडे तिकडे झाला तरी व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात. दाजी गाडी घेऊन निघाले तेव्हा मी आईला घेऊन नारायणगडावर होतो. सप्ताह होता, पंगतीत वाढायची सेवा माझ्याकडे होती, तीन दिवस हलता येत नव्हतं. दाजींनी फोन केला, "तुमी आल्यावर आणू का?"

मी म्हणालो, "दोस्ताच्या हातानं झालं काय आन् माझ्या हातानं झालं काय. सोडा त्याच्याकडं."

त्याने साखळी बदलली. पंधरा दिवसांनी दाजी परत आले. "पाव्हणं, गाडी वढंना. धारूरच्या घाटात पयलीवर पन रडायली. धूर बी लई मारायली."

दोस्त शेजारीच डिझेलने हात धूत होता. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "टायमिंगची खातरजमा कर की. पट्टी काढ."

मी पट्टी काढली. मोकळ्या जागेपासून कॅमचा ठोका किती दातांवर पडतो ते बघायचं होतं. 'निरोगी'तली त्याच मॉडेलची पट्टी उघडली आणि दाजींच्या गाडीची तिच्यावर ठेवली. एक रेघ दुसरीखाली पार लपून गेली. मी आयुष्यात इतकी तंतोतंत जुळलेली पट्टी पाहिली नव्हती. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या असल्या तरी थोडं इकडे तिकडे असतंच. खरं तर तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकायला हवी होती. पण मला आनंद झाला. मी दोस्ताच्या पाठीवर थाप मारली आणि दाजींना म्हणालो, "बघा, ह्याच्या हातचं काम. एका केसाचा फरक न्हाई."

मग पुढचं तपासलं. इंजेक्टर ठीक निघाले. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं तर चारही सारखंच कमी आलं. चारही सारखं कमी आलं तर पहिला संशय टायमिंगवर घ्यायचा, ही उस्तादांची शिकवण. मला ती आठवलीसुद्धा. पण टायमिंग तर पट्टीने पास केलं होतं. मग राहिलं काय? पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरचं बोअर गेलं. गाडी जुनीच होती. मी दाजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं की इंजिन बसलंय, सगळं खाली उतरवावं लागेल.

"पक्कं का?" दाजींनी विचारलं.

"मानूस खोटं बोलंल दाजी, पट्टी न्हाई बोलनार."

दोस्त तिथेच उभा होता. तो फडक्याने हात पुसत होता आणि हात कोरडे झाल्यावरही पुसतच राहिला. हे मला नंतर आठवलं.

अख्खं इंजिन करणं दाजींच्या आवाक्यातलं नव्हतं. माझ्याच गॅरेजसमोर गाडीचा सौदा झाला, धारूरच्या एका पेंडवाल्याने ती आहे तशी घेतली. दसरा झाल्यावर बहिणीचा आणि दाजींचा कोयता पुन्हा मुकादमाच्या यादीत गेला. निघायच्या दिवशी मी गेलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रा, बाजरीचं पोतं असं सगळं चढवून झालं होतं. बहीण गुलाबाला पाणी घालत होती. दुसरं कुणी असतं तर माझ्याकडे बघून दोन कडू शब्द बोललं असतं. तिने मला गूळ-शेंगदाणे दिले आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

महिनाभरात दोस्तही वेगळा झाला. बीडच्या बायपासला त्याला जागा मिळाली होती. मी नारळ फोडायला गेलो. 'निरोगी'ची नक्कल पेनड्राइव्हवर घालून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, दोघांच्या कष्टाचं आहे, तुझं तू ने. त्याने मला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, वेगळं होण्याचं दुःख आहे.

ऊसतोड ऐन भरात असताना माझ्याकडे त्याच मॉडेलची एक पिकअप आली, नवी साखळी घातलेली. पट्टी काढली तर 'निरोगी'पेक्षा कॅमचा ठोका सरकलेला. मालक म्हणाला, गाडीला तक्रार काहीच नाही, नुसतं बघा म्हणून आणली. मी माझ्या सवयीप्रमाणे त्याचं निम्मं सोडून दिलं आणि इंजिन उघडलं. साखळीच्या सगळ्या खुणा जिथल्या तिथे होत्या. मी ओशाळलो, गाडी जशीच्या तशी बंद केली आणि त्याला चहा पाजून पाठवलं. आठवड्यात तशीच दुसरी आली, तीही तेवढीच सरकलेली आणि तीही सुरेख चालणारी. तेव्हा पहिल्यांदा मी गाडीकडे न बघता 'निरोगी'तल्या पट्टीकडे नीट बघितलं.

ती मोठी केली. मोकळ्या जागेपासून बोटाने दात मोजत गेलो. अकरावा बुटका होता.

मी तीनदा मोजलं. मग स्टुलावर बसलो. तो मार माझ्या हातचा होता, तो दात मी झोपेतसुद्धा ओळखला असता. 'निरोगी'तली ती पट्टी दाजींच्याच पिकअपची होती, साखळी एक दात चुकवून बसवल्यानंतरची. दोघांनी पुलापर्यंत जाऊन ठेवलेली खरी पट्टी काढून तिच्या जागी, त्याच नावाने, ही कुणीतरी ठेवली होती. लॅपटॉपला हात लावणारे आम्ही दोघंच. आणि मी त्या दिवशी गाडी तिच्या स्वतःशीच ताडून पाहिली होती. जुळणार नाही तर काय होणार होतं? दाजींच्या गाडीत अकरावा बुटका दिसणार हे मला माहीतच होतं, म्हणून खालच्या रेघेतही तो आहे हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही.

मला राग आधी आला नाही. आधी मी शटर ओढून गाडी काढली. राग आला तो बीडच्या रस्त्यावर, पाडळसिंगीच्या आसपास.

दोस्त त्याच्या गॅरेजात एका गाडीच्या खाली होता. बाहेर आला, मला बघून हसला. मी लॅपटॉप त्याच्या टेबलावर उघडून ठेवला. "ह्यो अकरावा दात कुणाचा हाय?"

त्याने पडद्याकडे फार वेळ बघितलंच नाही. खुर्चीवर बसला. "कळलं म्हन की तुला."

"कावून केलंस?"

"साखळी बशीवल्यावर पट्टी काढली तवा कळलं एक दात गेलाय. पुन्यांदा खोलायचं म्हनजी दिवस जानार. भाईर पाच गाड्या उभ्या. म्हनलं, एका दातानं काय व्हतंय, चालंल."

"मंग तसं सांगायचं. चूक काय मी करत न्हाई का? चांगली पट्टी कावून काढलीस?"

"तू आल्यावर पट्टी काढनार हे मला ठावं व्हतं की बे. तुला सवयच हाय." तो खाली बघून बोलत होता. "आन् तू गावभर सांगतूस, माझ्या दोस्ताच्या हातनं चूक व्हत न्हाई. त्या तोंडाला काय सांगू मी?"

"मी इंजिन बसलंय म्हनलो तवा तू तितं उभा व्हतास."

"तुझा दाजी गाडी इकंल आसं मला वाटलं नव्हतं."

"तू तितं उभा व्हतास."

त्याने टेबलाचा खण ओढला. म्हणाला, "चांगली पट्टी पुसली न्हाई मी. हाय माझ्याकडं. देऊ का?"

चूक मी समजू शकत होतो. भीतीसुद्धा समजू शकलो असतो. पण इतके महिने खोटी पट्टी माझ्याकडे होती आणि खरी त्याने स्वतःजवळ नीट जपून ठेवली होती. त्याच्याकडच्या गाड्या खऱ्या पट्टीशी ताडल्या जात होत्या. ज्या दिवशी मी पेनड्राइव्ह दिला आणि त्याने मला मिठी मारली त्या दिवशीही त्याला हे ठाऊक होतं. माझा हात उठणार होता. तेवढ्यात तो म्हणाला, "च्या सांगू का?" आणि मी हात खाली घेतला. ज्याच्या थोबाडीत मारायची तो माझा दोस्त मला तिथे दिसेना. मी लॅपटॉप मिटला आणि निघालो. पट्टी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यारं गाडीत टाकून मी धारूरला पेंडवाल्याकडे गेलो. त्याला म्हणालो, गाडीत माझी एक चूक राहिली आहे, दुरुस्त करू द्या. तो गोंधळला, पण फुकट होतंय म्हटल्यावर नाही कशाला म्हणेल? त्याच्या गोठ्याशेजारी मी दिवसभर बसून इंजिन पुढून उघडलं. साखळी एक दात चुकलेली होतीच. ती नीट बसवली, सगळं बंद केलं आणि पेंडेच्या पोत्यांसकट गाडी घाटात काढली. जिथे ती पहिलीवर रडत होती तिथे ती तिसरीवर चढून गेली. पेंडवाला शेजारी बसला होता. त्याने दोनदा डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाला, "तुमी तर हिला जवान केली की. इकणाऱ्याला काय कळलंच न्हाई म्हना."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पेंडवाला घाटाच्या माथ्यावर एका ओळखीच्या माणसाशी बोलत थांबला, तेवढ्यात मी बाजूला जाऊन बहिणीला फोन लावला. दिवस मावळायला आला होता. ती नुकतीच उसाच्या फडावरून पाचटाच्या कोपीवर आली होती, भाकरी थापत असावी. मी सगळं सांगितलं. दोस्ताने काय केलं, पट्टी कशी बदलली, इंजिन बसलंच नव्हतं, एका दिवसाचं काम होतं, गाडी आत्ता माझ्यासमोर उभी आहे आणि घाट तिसरीवर चढली. मी बोलतच राहिलो, कारण थांबलो की ती बोलेल याची मला भीती वाटत होती. त्याला मी शिव्या दिल्या. त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला, एवढाच माझा गुन्हा, असंही म्हणालो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, एक सांगू का? राग नगं मानू."

"सांग."

"तू इंजिन बसलंय म्हनलास त्या दिशी ह्ये म्हनत व्हते, आपुन एकदा बीडला दुसऱ्या कुनाला तरी दाखवू. मीच नगं म्हनले. म्हनलं, दादानं बघितलंय. आता दुसरीकडं दाखवलं तर दादाला काय वाटंल?"

मागे ट्रॅक्टरचा आवाज आला, कुणीतरी तिला हाक मारली. मोळ्या भरायला गाडी लागली होती. "ठिवते," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.